पार्ट यायचाय

जुना रेकॉर्ड प्लेयर, व्हॉल्व्हचा रेडिओ किंवा स्पूलचा टेपरेकॉर्डर दुरुस्तीला टाकलेल्या माणसाला तीन वाक्यं तोंडपाठ असतात. ‘पार्ट यायचाय.’ ‘परवा फोन करून या.’ ‘खोललाय, बसतोच आता त्याला घेऊन.’ यातलं तिसरं सगळ्यात जड. यंत्र एकदा खोललं की ते उचलून दुसरीकडे नेण्याची सोय राहत नाही. स्क्रू एका डबीत, मोटर दुसऱ्याच टेबलावर, मागचं झाकण कुठे गेलं ते दुकानदारालाही आठवत नाही. तिथून पुढे गिऱ्हाईक आवाज चढवत नाही. उलट गोड बोलतं, मुलाबाळांची चौकशी करतं, दिवाळीला मिठाईचा पुडाही देऊन येतं. वस्तू दुकानदाराच्या ताब्यात आहे, तो दुखावला तर तिचं काय होईल, ही भीती त्या गोडव्याखाली असते. पैसे मोजणाऱ्यानेच अंग चोरून उभं राहावं असे व्यवहार फार थोडे. (शाळाप्रवेश हा आणखी एक.)

माझ्या ओळखीतल्या एका निवृत्त शिक्षिकांचा स्पूल टेपरेकॉर्डर असाच एका दुकानात अडकला आहे. त्यांच्या वडिलांनी घेतलेला. स्पूलवर वडिलांनी म्हटलेली भजनं आहेत आणि ती ऐकवू शकेल असं दुसरं यंत्र घरात नाही. दुकानदार वाईट माणूस नाही. हाताला गुण आहे, म्हणून तर लोक लांबून येतात. फक्त तो खरं काय ते सांगत नाही.

त्याची बाजू आधी मांडली पाहिजे, कारण ती खोटी नाही. पन्नास-साठ वर्षांच्या यंत्रात एकच बिघाड क्वचित असतो. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर आतून सुकलेले असतात, तबकडी फिरवणारं रबराचं चाक दगड झालेलं असतं, बेल्ट वितळून काळा चिकट राडा झालेला असतो, वंगण घट्ट बसलेलं असतं. एक दुरुस्त केलं की त्याच्या आड लपलेलं दुसरं वर येतं. सुटे भाग मिळण्याचं गणितही उलटंसुलटं आहे. ईसीसी ८३ सारखे काही व्हॉल्व्ह रशियात आणि स्लोव्हाकियात आजही नव्याने तयार होतात. पण त्यांच्यानंतर आलेले एसी १२८ सारखे जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर मिळाले तर जुन्या साठ्यातलेच मिळायचे. मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपासची दुकानं पालथी घातली तरी हाती काही लागेलच असं नाही. म्हणजे ‘पार्ट यायचाय’ हे पुष्कळदा शब्दशः खरं असतं.

शिवाय या माणसांनी वाईट दिवस काढले आहेत. आधी कॅसेट आली, मग सीडी, मग गाणी मोबाइलमध्ये गेली. व्हॉल्व्हवर हात बसलेले कारागीर टीव्ही आणि मिक्सर दुरुस्त करत राहिले. आता रेकॉर्डींची हौस पुन्हा आली आहे, माळ्यावरचे प्लेयर खाली उतरले आहेत आणि ज्याच्याकडे वर्षानुवर्षं कुणी फिरकलं नाही त्याच्या दुकानात पाय ठेवायला जागा नाही. इतकी वर्षं कामाची वाट पाहिलेला माणूस आलेल्या कामाला नाही म्हणत नाही. हे मला समजतं. पण समजणं वेगळं आणि मान्य करणं वेगळं.

दुरुस्ती हा प्रयत्न आहे आणि प्रयत्न फसू शकतो. यंत्र बोललं नाही म्हणून कारागिराला गुन्हेगार ठरवणारं गिऱ्हाईक अन्याय करतं. पण यंत्र दुकानात आलं त्या क्षणी दुकानदाराने दोन जबाबदाऱ्या अंगावर घेतलेल्या असतात: ते सुधारून बघण्याची आणि ते सांभाळण्याची. पहिलीत अपयश येऊ शकतं. दुसरीला असली कारणं चालत नाहीत. या धंद्यात गल्लत होते ती इथे. काम रखडलं की दुकानदाराला वाटतं, वस्तूचाही हिशोब आता काम होईल तेव्हाच द्यायचा. मग ती धुळीत पडते, पावसाळ्यात ओल धरते. आणि एखाद्या दिवशी घाईतल्या गिऱ्हाइकासाठी तिच्यातली चांगली पिन किंवा धडका व्हॉल्व्ह काढून घेतला जातो. ‘तात्पुरता काढलाय, दुसरा आला की बसवतो.’ काढणाऱ्याला ही चोरी वाटत नाही, अडचणीतली तजवीज वाटते. माझ्या मते ती चोरीच आहे, आणि उशिरापेक्षा कितीतरी मोठी.

हा फरक कौटिल्याला नेमका ठाऊक होता. अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणाची, म्हणजे कंटकशोधनाची, सुरुवातच कारागिरांपासून लोकांचं रक्षण कसं करावं इथून होते. काम कुठे, किती वेळात आणि कोणतं करायचं हे आधी ठरलेलं असावं. वेळ टळली तर मजुरीचा चौथा हिस्सा कापावा आणि त्याच्या दुप्पट दंड करावा. आपत्ती ओढवली असेल तर सूट. पुढे परीट येतो. त्याने लोकांचे कपडे स्वतः वापरले तर ३ पण दंड. विकले, भाड्याने दिले किंवा गहाण टाकले तर १२ पण. उशिराची शिक्षा मजुरीच्या हिशोबात आहे. दुसऱ्याची वस्तू आपली समजून वापरण्याची शिक्षा वेगळी आणि ठरीव आहे. परीट धुवायला आलेलं धोतर नेसून लग्नाला जात असणार, त्याशिवाय असा नियम करावा लागला नसता.

१८७२ च्या भारतीय करार कायद्यातही हीच समज आहे. दुसऱ्याची वस्तू ताब्यात घेणाऱ्याने ती तितकीच जपावी जितकी सामान्य शहाणा माणूस स्वतःची जपेल, असं कलम १५१ सांगतं. कलम १६१ त्याहून कडक आहे: स्वतःच्या चुकीने वस्तू वेळेवर परत केली नाही, तर त्या दिवसापासून तिचं जे काही नुकसान होईल त्याला ती ठेवून घेणारा जबाबदार. दुकानात पावसाचं पाणी शिरलं ही सबब मग चालत नाही. उलट कलम १७० कारागिराच्या बाजूचं आहे. काम पूर्ण केलं असेल तर मजुरी मिळेपर्यंत तो वस्तू अडवून धरू शकतो. कायद्यातलं उदाहरण पैलू पाडायला दिलेल्या हिऱ्याचं आहे. पण काम केलंच नसेल, तर अडवून धरायला त्याच्या हाती काही उरत नाही.

आता गिऱ्हाइकाकडे वळू. हजारो रुपयांची जुनी रेकॉर्ड कौतुकाने विकत घेणारा माणूस, बिघाड शोधण्याचे तीनशे रुपये मागितले की कपाळाला आठ्या घालतो. अर्धा दिवस शोधल्यावर सुटलेला एक टाका सापडतो आणि हा म्हणतो, ‘एवढंच होतं होय!’ टाका मारायला दोन मिनिटं लागली, शोधायला तीस वर्षांचा अनुभव लागला, हे त्याला दिसत नाही. मग कारागीर शिकतो की ‘होणार नाही’ असं सांगितलं तर एक पैसा मिळत नाही आणि ‘बघतो’ म्हटलं तर निदान आगाऊ रक्कम हाती येते. ‘बघतो’ची ही सवय आपण लावलेली आहे. तसंच, नुसता अंदाज ऐकून पळालेले आणि यंत्र न्यायला कधीच न आलेले लोक प्रत्येक दुकानात सापडतील. त्यांचे सांगाडे फळीवर जागा अडवून बसलेले असतात. आपलं यंत्र खाली जमिनीवर का ठेवलंय, असा सवाल करण्याआधी त्या फळीकडे एकदा बघावं.

मात्र या सगळ्यात एक गोष्ट कुणी बोलत नाही. हे कारागीर म्हातारे झाले आहेत. एखाद्या दिवशी दुकान उघडत नाही, महिन्याभराने मुलगा येऊन शटर उचलतो, आणि आत वीस-पंचवीस यंत्रं असतात ज्यांच्यावर ना नाव, ना नंबर. कुणाचं काय हे एकाच डोक्यात होतं. मुलगा प्रामाणिक असला तरी करणार काय? जागा रिकामी करायची असते, भंगारवाला दारात उभा असतो.

म्हणून भीड बाजूला ठेवून काही साध्या गोष्टी कराव्यात. वस्तू देतानाच यंत्रावर नाव-नंबर चिकटवा, मागून-पुढून फोटो काढा, तारीख घातलेली पावती घ्या. बिघाड शोधण्याचे पैसे आपणहून द्या आणि बजावून सांगा की नाही जमलं तर तसं सांगा, पैसे तुमचेच. काम रखडलं तर लेखी विचारा: अमुक तारखेपर्यंत जमणार नसेल तर आहे त्या स्थितीत, सगळ्या सुट्या भागांसह परत द्या. चारचौघांत त्याला चोर म्हणू नका. तसं म्हटल्यावर यंत्र मिळालं तरी त्याच्याकडून पुन्हा कधी दुरुस्त होणार नाही, आणि दुसरा कारागीर आहे कुठे? पण लेखी विचारूनही उत्तर आलं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, जिल्हा ग्राहक आयोग आहे. तिथे तक्रारीची मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची असते. आपण दुकानात शेवटचे कधी गेलो होतो ते आठवत नसेल, तर या आठवड्यात एकदा जाऊन या.