आईची सोबत आणि मुलाची मुदिता





समजा, शारजात राहणाऱ्या मुलाला नागपूरहून आईचा फोन येतो. वडील जाऊन सहा वर्षे झाली आहेत. आई म्हणते, "विहारात येणाऱ्या एका गृहस्थांशी माझं मन जुळलंय. आम्ही लग्न करायचं म्हणतो." मुलगा फोन ठेवतो आणि पंधरा दिवस तिचा फोन उचलत नाही.

त्याला वाईट ठरवू नका. बाबांची जागा गेली असे त्याला वाटते, आणि ते दुःख खरे आहे. पण त्याचे मूळ आईच्या वागण्यात नाही. आई होती तशीच राहावी, या तृष्णेत आहे. तो दर महिन्याला पैसे पाठवतो. पण संध्याकाळी रिकाम्या घरात पैसे बोलत नाहीत.

सिगालोवाद सुत्तात आईवडिलांप्रती मुलांची पाच कर्तव्ये सांगितली आहेत. त्यांचा सांभाळ करणे, त्यांची कामे करणे ही त्यांतली. त्यांनी कोणासोबत राहावे हे ठरवणे त्या पाचांत नाही.

माता रमाई २७ मे १९३५ रोजी गेल्या. १५ एप्रिल १९४८ रोजी बाबासाहेबांनी दिल्लीत डॉ. शारदा कबीर यांच्याशी विवाह केला. तेव्हा बाबासाहेब ५७ वर्षांचे आणि आजारी होते. भैयासाहेब ३५ वर्षांचे होते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात माईसाहेबांनी बाबासाहेबांसोबतच दीक्षा घेतली. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'साठी लिहिलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी आपले आयुष्य लांबल्याचे श्रेय पत्नीला आणि डॉ. मालवणकरांना दिले. १९५७ साली ग्रंथ छापला गेला, तेव्हा ती प्रस्तावना त्यात नव्हती. माईसाहेबांवर संशय घेतला गेला, आणि त्या अनेक वर्षे समाजापासून दूर राहिल्या. ती चूक आपल्या घरात पुन्हा करायची का?

या विवाहाने रमाई पुसल्या गेल्या नाहीत. ७ फेब्रुवारीला त्यांची जयंती आपण आजही मनापासून साजरी करतो. एका नात्याने दुसरे मिटत नाही. आणि वडिलांना उतारवयात सोबत हवी हे आपण समजून घेतो, तर आईला ती का नको?

माणूस कसा आहे याची चौकशी जरूर करा. घराच्या वाट्याची शंका असेल तर ती उघड बोला, कागद करून घ्या. पण 'लोक काय म्हणतील'च्या आड ती लपवू नका. दोघे मोकळे असतील आणि राजीखुशीने एकत्र येत असतील, तर तिसरे शील मोडत नाही.

दुसऱ्याच्या सुखात सुख मानणे म्हणजे मुदिता. परक्यासाठी ती सोपी असते, आपल्या माणसासाठी कठीण. या शनिवारी ध्यानाला बसाल तेव्हा आधी आईसाठी मैत्री भावना करा, मग त्या गृहस्थांसाठी. आणि उठल्यावर आईला फोन लावा.

भवतु सब्ब मंगलं.