झोल

पावसाळा सरत आला की माझ्या गाडीची चेन बोलायला लागते. खड्डा आला की कव्हरला घासून खडखड. गेल्या रविवारी म्हटलं, आपणच ताणू. डबल स्टँड लावला, मागच्या एक्सलचा नट ढिला केला, दोन्ही बाजूंचे अ‍ॅडजस्टर सारखे आटे मोजून फिरवले. चिमट्यावरच्या खुणाही दोन्हीकडे जुळल्या. चेन अशी ताठ झाली की मलाच माझं कौतुक वाटलं.

संध्याकाळी हवा भरायला कोपऱ्यावर गेलो, तर गॅरेजवाल्या पोराने खालच्या पट्ट्याला बोट लावलं आणि म्हणाला, “काका, जरा बसा बरं गाडीवर.” बसलो. हाताखालच्या मुलालाही मागे बसवलं. चेन जागची हलेना.

वजन पडलं की शॉकअप दबतात, चिमटा सरळ रेषेत येऊ लागतो आणि पुढच्या स्प्रॉकेटपासून मागच्या चाकाचं अंतर वाढतं. ते वाढायला लागणारी जागा मोकळ्या गाडीवर झोल म्हणून दिसते. पुस्तिकेत 20 ते 30 मिलिमीटर लिहिलंय ते त्यासाठीच. मी ती जागाच खाऊन टाकली होती. आता प्रत्येक खड्ड्याचा ओढा थेट गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर.

चेन ‘ताणली जाते’ असं आपण सरसकट म्हणतो. पोलाद काही लांबत नाही. कड्यांमधल्या पिना आणि बुश झिजतात. शंभर कड्यांत प्रत्येकी 0.1 मिलिमीटर झीज धरा, चेन एक सेंटीमीटरने वाढली. दोष द्यायला एकही कडी सापडत नाही. त्यातून सगळ्या सारख्या झिजतात असंही नाही. म्हणून पोरगा चाक हाताने सावकाश फिरवत होता, चेन सगळ्यात घट्ट कुठे लागते ते शोधत. माप तिथं घ्यायचं, सैल जागी नाही. मी अर्थातच सैल जागी घेतलं होतं.

“मागे कोण बसतं?” त्याने विचारलं.

“बायको. महिन्यातून एकदा गॅसचा सिलिंडर.”

त्याने दोन्ही अ‍ॅडजस्टर मागे घेतले, टायरला पाठीमागून टाच मारून चाक पुढे ढकललं, पुन्हा बोट लावून बघितलं. एक्सल आवळला. मग न सांगताच ब्रेकचा रॉडही जुळवला. चाक सरकलं की तोही बिघडतो, हे माझ्या गावीही नव्हतं.