कामाक्षीबाईंचा दावा

महाराष्ट्रातून तंजावूरला येणारी मंडळी राजवाड्यात सरस्वती महाल पाहतात, दरबार हॉल पाहतात, आणि मग बृहदीश्वराच्या देवळात जाऊन दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ मध्ये कोरवून घेतलेला भोसले घराण्याचा मराठी शिलालेख शोधतात. दगडावरच्या अक्षरांवरून हात फिरवताना पुष्कळांचे डोळे भरून येतात, ते पाहून मलाही भरून येतं. पण याच वाड्याने आपल्या देशाला आणखी एक ऐवज दिला आहे. तो कायद्याच्या पुस्तकात आहे, म्हणून कुणी त्याची विचारपूस करत नाही. माझे वडील तंजावूरच्या कोर्टात वकील होते, पुढे मीही तिथेच वकिली केली. त्यांच्या कपाटात मूर यांचे इंडियन अपील्सचे खंड होते. सातव्या खंडाचं पान ४७६ उघडलं की मथळा दिसतो: भारतमंत्री विरुद्ध कामाची बोये साहबा. छापखान्याने असं नाव करून टाकलेली ही बाई म्हणजे तंजावूरच्या शेवटच्या शिवाजीराजांच्या ज्येष्ठ राणी, कामाक्षीबाईसाहेब.

शिवाजीराजे २९ ऑक्टोबर १८५५ रोजी वारले. मुलगा नव्हता, मुली होत्या. साताऱ्याला आणि नागपूरला झालं तेच इथेही झालं. कंपनीने राज्य खालसा केलं. राज्य तरी किती उरलं होतं? १७९९ च्या तहात सरफोजीराजांनी मुलुखाचा कारभार कंपनीला देऊन टाकला होता. त्याबदल्यात वसुलाचा पाचवा हिस्सा आणि सालीना एक लाख पागोडे मिळत, आणि किल्ल्यापुरती सत्ता राहिली होती. वाड्याच्या आत मात्र राजाची खाजगी मालमत्ता होती, दागिने होते, जमिनीचे कागद होते. १८५६ च्या ऑक्टोबरात कमिशनर फोर्ब्स शिपाई घेऊन आले आणि राज्याचं काय, घरातलं काय, असा भेद न करता सगळं सीलबंद केलं.

कामाक्षीबाई पडद्यातल्या बाई. त्यांनी मद्रासच्या सुप्रीम कोर्टात कंपनीवर दावा लावला. राज्य परत द्या असं त्यांचं म्हणणं नव्हतं. नवऱ्याची खाजगी मिळकत हिंदू कायद्याने विधवेची आहे, तेवढी द्या, एवढंच मागणं. मद्रासच्या कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. सरकार प्रिव्ही कौन्सिलात गेलं आणि १८५९ मध्ये लॉर्ड किंग्जडाउन यांनी तो निकाल फिरवला. त्यांच्या म्हणण्याचा सारांश असा: ही जप्ती म्हणजे एका सार्वभौम सत्तेने दुसरीवर केलेली राज्यकृती आहे. ती न्यायाची की अन्यायाची, शहाणपणाची की वेडेपणाची, हे पाहण्याचा अधिकार कोर्टाला नाही. अन्याय झालाच असेल, तर त्यावर कोणत्याही देशी न्यायालयात इलाज नाही.

तीन वर्षांनी, १८६२ मध्ये, सरकारने ती मिळकत राण्यांना परत केली. मेहेरबानी म्हणून.

माझ्या दृष्टीने या खटल्यातली सर्वांत जड गोष्ट ही परतफेड आहे. कोर्टात मागितलं तेव्हा हक्क नव्हता, आणि दरबारी मागितलं तेव्हा कृपा झाली. आमच्या भक्तिपरंपरेत कृपेला केवढं मोल आहे! तंजावूरला समर्थांचे शिष्य भीमस्वामी येऊन राहिले, त्यांच्या मठात आणि इतर मठांत पिढ्यानपिढ्या कीर्तनं झाली, आणि प्रत्येक कीर्तनात देवाकडे कृपाच मागितली गेली. देवापुढे पदर पसरायला लाज वाटत नाही, कारण तिथे आपला हिशेब चालत नाही हे आपण मनापासून मानलेलं असतं. सरकारने ती जागा घेतली की काय होतं, ते कामाक्षीबाईंनी भोगलं. जे आपलं आहे तेच दुसऱ्याच्या हातून प्रसादासारखं घ्यायचं, आणि वर आभार मानायचे.

हीच कंपनी सोयीचं असेल तेव्हा शास्त्र विचारायलाही बसत होती. तुळजाराजांनी १७८७ मध्ये मरणापूर्वी सरफोजींना दत्तक घेतलं. पंडितांनी ते दत्तविधान अशास्त्र ठरवलं आणि अमरसिंग गादीवर आले. काही वर्षांनी दुसऱ्या पंडितांची मतं मागवली, तर तेच दत्तविधान सशास्त्र निघालं आणि १७९८ मध्ये सरफोजी गादीवर बसले. पुढच्याच वर्षी त्यांनी तो तह केला.

आणि नंतरची गोष्ट तर याहून चमत्कारिक आहे. विसाव्या शतकात वाड्याच्या इस्टेटीवरून मद्रास उच्च न्यायालयात मोठा वाद चालला. कोल्हापूरचे महाराजही त्यात पक्षकार होते. वारसा ठरवायला आधी वर्ण ठरवणं भाग होतं, आणि न्यायालयाने तंजावूरचे भोसले शूद्र आहेत असा निर्णय दिला. १९२८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दुसऱ्या एका खटल्यात पंचकुळी आणि शहाण्णव कुळी मराठे क्षत्रिय ठरवले. म्हणजे माणूस कोण आहे हे त्याचा खटला कोणत्या शहरात चालतो त्यावर ठरत होतं. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने वर्णाचा प्रश्नच काढून टाकला आणि विधवा, मुलगी, मुलगा यांना एका रांगेत बसवलं. स्वतंत्र देशाने केलेल्या चांगल्या कामांत मी हे फार वर धरते. आज कामाक्षीबाई कोर्टात उभ्या राहिल्या असत्या, तर त्यांना आणि राजाच्या मुलींना सारखा वाटा मिळाला असता.

पण तेवढ्याने त्यांचा दावा निकालात निघत नाही.

संविधानाच्या अनुच्छेद ३९५ ने १९४७ चा भारतीय स्वातंत्र्य कायदा आणि १९३५ चा भारत सरकार कायदा दोन्ही रद्द केले. ब्रिटिश पार्लमेंटने आपल्याला स्वातंत्र्य दिलं, हा कागदच आपण फाडला. अनुच्छेद ३७२ ने मात्र जुने कायदे, बदलेपर्यंत, चालू ठेवले. दोन्ही शहाणपणाचं होतं. एका रात्रीत करार, दंड आणि पुरावा यांचे कायदे नाहीसे झाले असते तर कोर्टं उघडताच आली नसती. मात्र जुन्या सामानाबरोबर पान ४७६ देखील आत आलं.

वडिलांच्या त्या पानाच्या समासात पेन्सिलीने दोन नोंदी आहेत. पहिली, '१९५४ एस. सी.'. दुसरीत पहिलीवर एक आडवी रेघ आणि बाजूला '१९६४'. रेघ हाताने ओढलेली, पण पट्टी लावल्यासारखी सरळ. वडील कोर्टाच्या निकालांवर घरात कधी बोलत नसत, एवढीच त्यांची प्रतिक्रिया.

१९५४ चा निकाल वीरेंद्र सिंग विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य. चरखारी आणि सरिला इथल्या राजांनी जानेवारी १९४८ मध्ये काही गावं इनाम दिली होती. संस्थानं विलीन झाली, गावं उत्तर प्रदेशात आली, आणि १९५२ मध्ये सरकारने इनामं रद्द केली. सरकारचं उत्तर कामाक्षीबाईंना मिळालेलंच होतं: नव्या सत्तेने मान्य केले तेवढेच हक्क, बाकीच्यांना कोर्ट नाही. न्यायमूर्ती विव्हियन बोस यांनी ते मानलं नाही. ते नागपूरचे, तिथल्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले, आणि ज्या नागपूरचं राज्य असंच खालसा झालं त्या शहरात त्यांचं आयुष्य गेलेलं. त्यांनी जे मांडलं त्याचा गाभा असा की, २६ जानेवारी १९५० ला जिंकणारे आणि जिंकलेले असे दोन पक्ष उरलेच नाहीत. सगळेच नागरिक झाले. आणि राज्य आपल्याच नागरिकाविरुद्ध राज्यकृतीचं कारण सांगू शकत नाही.

१९६४ चा निकाल गुजरातच्या संत संस्थानाबद्दल. तिथल्या राजाने १२ मार्च १९४८ ला जहागीरदारांना जंगलाचे हक्क दिले, आणि आठवड्याभरात विलीनीकरणाच्या करारावर सही केली. सात न्यायमूर्तींपुढे प्रश्न आला. बहुमताने वीरेंद्र सिंग निकाल बाजूला ठेवला आणि प्रिव्ही कौन्सिलची जुनी वाट धरली. न्यायमूर्ती सुब्बाराव यांचं मत वेगळं पडलं.

बहुमताच्या बाजूने बोलण्यासारखं आहे, आणि ते मी हलकं लेखत नाही. जाता जाता राजाने आपल्या माणसांना जंगलं वाटून टाकायची, आणि ते ओझं नव्या सरकारने म्हणजे गरीब रयतेने वाहायचं, यात कसला न्याय? असली इनामं रद्द करायलाच हवी होती. पण ती कायदा करून, कारण देऊन, माणसाला बोलू देऊन रद्द करता येत होती, आणि कोर्टाला ते कारण तपासता येत होतं. त्याऐवजी कोर्टाने म्हटलं की इथे आमचं काम नाही. लबाड जहागीरदार अडवण्यासाठी जे दार बंद केलं, त्याच दाराबाहेर एक विधवा आधीपासून उभी होती.

अशा वेळी मला शुनःशेपाचं आख्यान आठवतं. ते ऐतरेय ब्राह्मणातलं. मी लहानपणी आमच्या मेल वीदीजवळच्या मठात कीर्तनात ऐकलं. हरिश्चंद्राच्या मुलाऐवजी बळी द्यायला अजीगर्त आपला मधला मुलगा शंभर गाईंना विकतो. यूपाला बांधायला आणखी शंभर घेतो, आणि मारायला कुणी पुढे येईना तेव्हा आणखी शंभर घेऊन स्वतःच सुरी परजतो. मुलगा देवांना आळवतो आणि पाश गळून पडतात. मग तो उठतो आणि विश्वामित्राच्या मांडीवर जाऊन बसतो. बाप परत मागायला येतो, पण मुलगा त्याच्याकडे जात नाही. शास्त्रकारांनी अशा मुलाला स्वयंदत्त म्हटलं, आणि कलियुगात तो प्रकार वर्ज्य ठरवला: मुलगा द्यावा तर आईबापांनी, स्वतःला कुणी देऊ नये.

१९४९ च्या २६ नोव्हेंबरला संविधान सभेने नेमकं तेच केलं. देणारे आम्ही, घेणारेही आम्ही. सुटलेल्या माणसाने आपलं कूळ आपण निवडलं. पण आख्यानात पुढे एक अट आहे, ती कीर्तनकार बहुधा गाळतात. शुनःशेप विश्वामित्राला म्हणतो, तुमच्या मुलांसमोर हे ठरू द्या, त्यांना मान्य असू द्या. विश्वामित्र आपल्या एकशे एक मुलांना विचारतो. एक्कावन्न मान्य करतात, पन्नास नाही. स्वतः निवडलेलं कूळसुद्धा भावांनी मानल्याखेरीज पुरं होत नाही. आणि ज्या बापाने विकलं, त्याचा मुलावरचा हक्क तर त्या मांडीवर बसतानाच संपला. मग विकत घेणाऱ्याची पावती आपल्या कोर्टात पुरावा म्हणून कशी चालते?

नव्या देशांना हा प्रश्न पुन्हा पुन्हा पडतो. पूर्व तिमोर २००२ मध्ये स्वतंत्र झाला आणि जुने कायदे तूर्त चालू ठेवले. २००३ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने म्हटलं की इंडोनेशियाचा कब्जा कधी कायदेशीर नव्हताच, म्हणून त्याआधीचा पोर्तुगीज कायदाच इथला कायदा. वकिलांना, न्यायाधीशांना सवय इंडोनेशियन कायद्याची. शेवटी संसदेने त्याच वर्षी नवा कायदा करून इंडोनेशियन कायदा चालू असल्याचं स्पष्ट केलं. आपल्या गोव्याने १९६१ नंतर पोर्तुगीजांची १८६७ ची नागरी संहिता ठेवली, आणि तिच्यामुळे तिथल्या बायकांना नवऱ्याच्या मिळकतीत अर्धा वाटा इतरांच्या आधी मिळाला. कायदा कुणी आणला एवढं पाहून भागत नाही. त्याने माणसाला दाराशी उभं ठेवलं की घरात घेतलं, ते पाहावं लागतं.

हे सगळं आम्हा तंजावूरकरांना दूरचं नाही. शेजारी आम्हाला रायर म्हणतात. घरात तमिळ मिसळलेलं जुनं मराठी, बाहेर तमिळ, ताटात पिठलं आणि डांगर पच्चडी. साडेतीनशे वर्षांपूर्वी व्यंकोजीराजांबरोबर आणि त्यांच्या मागून आलेली माणसं आम्ही. राजा गेला, दरबार गेला, मोडी वाचणारे हाताच्या बोटांवर उरले. तरी आमची भाषा राखण्याचा हक्क अनुच्छेद २९ मध्ये आहे. तो कुणा राजाने दिला म्हणून नाही, आणि नव्या सरकारने मान्य केला म्हणूनही नाही. नागरिक आहोत म्हणून आहे. माझ्या भाषेच्या बाबतीत हे खरं असेल, तर कामाक्षीबाईंच्या मिळकतीच्या बाबतीतही ते खरंच असलं पाहिजे.

माझं मत विव्हियन बोस यांच्या बाजूचं आहे, आणि १९६४ चं बहुमत चुकलं असं मी मानते. तंजावूरला याल तेव्हा सरस्वती महाल जरूर पाहा, शिलालेख वाचा. पण येण्यापूर्वी एखाद्या वकील मित्राकडून मूरचा सातवा खंड मागून घ्या आणि पान ४७६ पासून पुढे वाचून या. तो निकाल आजही उद्धृत होतो, आणि ज्यांच्या नावाने होतो त्या राणीसाहेबांचं नाव अजून कामाची बोये असंच छापलं जातं.