पाळणे म्हणजे काय?



बायबलमधल्या गल्याथाचे नाव लाभलेला, जगातला सर्वांत वजनदार कोळी दक्षिण अमेरिकेच्या जंगलात जमिनीतल्या बिळात राहतो. पाय पसरले तर २८ सेंटिमीटरपर्यंत भरतो. काहीजण तो हौसेने घरी पाळतात. मात्र तो धन्याला ओळखत नाही. हाताळला तर अंगावरचे खाजरे केस उडवतो. हातून पडला तर पोट फुटून मरू शकतो. त्याला हवी ओली माती, अंधार आणि एकांत. मादी वीस वर्षेही जगते.

मग आपण पाळतो कोणासाठी? पाहुण्यांना दाखवण्यासाठी असेल, तर ती नुसती मालकी झाली. आपण शब्द पाळतो, उपवास पाळतो, तेव्हा बांधले जातो आपणच. जीव पाळणेही तसेच. ओळखीची आशा न धरता वीस वर्षे निगा राखू शकत नसू, तर त्याला त्याच्या रानातच राहू देणे, हेही प्रेमच होय.