अस्वीकृत क्षमायाचना

माझ्या आईचे माहेर इंदूरचे. तिच्या पिढीतील अनेक मराठी घरांप्रमाणे त्या घरातही मिशनच्या दवाखान्याचा उल्लेख आदराने होत असे. कॅनडातील प्रेस्बिटेरियन मिशनरी 1877 मध्ये इंदूरला आले. 1884 मध्ये डॉ. एलिझाबेथ बीटी या तरुण स्त्री-डॉक्टर तेथे दाखल झाल्या आणि परपुरुषासमोर नाडी पुढे करण्यास संकोचणाऱ्या स्त्रियांपर्यंत आधुनिक वैद्यक पोहोचू लागले. पुढे 1925 मध्ये कॅनडातील मेथडिस्ट, काँग्रिगेशनल आणि बहुसंख्य प्रेस्बिटेरियन मंडळ्या एकत्र येऊन ‘युनायटेड चर्च ऑफ कॅनडा’ स्थापन झाले, तेव्हा माळव्यातील हे कार्य त्या चर्चकडे गेले. रतलामच्या रुग्णालयात अनेक वर्षे शस्त्रक्रिया करणारे डॉ. रॉबर्ट मॅक्क्लूर 1968 मध्ये त्या चर्चचे अध्यक्ष, म्हणजे मॉडरेटर, झाले. पाळक नसूनही त्या पदावर बसलेले ते पहिलेच. आजोळच्या संस्कारांमुळे या चर्चविषयी माझ्या मनात कृतज्ञता होती आणि ती आजही आहे.

कॅनडात स्थायिक झाल्यावर त्याच चर्चचा दुसरा इतिहास मला समजला. इंदुरात रुग्णसेवा चालू होती त्याच काळात, याच मंडळ्या कॅनडाच्या शासनाबरोबर मूलनिवासी मुलांसाठी निवासी शाळा चालवीत होत्या. सर्व पंथांच्या मिळून या शाळांतून सुमारे 1,50,000 मुले गेली. युनायटेड चर्च आणि त्याच्या पूर्वसूरींकडे अशा सुमारे 15 शाळा होत्या. मुलांना आईवडिलांपासून दूर नेणे, त्यांची भाषा बोलण्यास मनाई करणे, केस कापून नवे नाव देणे ही तेथील रीत होती. 1920 मध्ये कायदा बदलून उपस्थितीची सक्ती करण्याचा अधिकार शासनाने स्वतःकडे घेतला. त्याआधीच, 1907 मध्ये, शासनाचेच वैद्यकीय अधिकारी डॉ. पीटर ब्राइस यांनी या शाळांतील क्षयरोगाचे आणि बालमृत्यूंचे भीषण चित्र अहवालात मांडले होते. अहवाल वाचला गेला आणि शाळा चालूच राहिल्या.

एकाच संस्थेच्या हातून दूरदेशी सेवा आणि स्वदेशी अन्याय कसा घडतो, हा प्रश्न मला दीर्घकाळ अस्वस्थ करीत आला आहे. इंदुरात आलेल्या व्यक्ती दयाळू होत्या आणि शाळांत गेलेल्या क्रूर, असे म्हणून तो सुटत नाही. दोन्हींकडे जाणाऱ्यांची श्रद्धा आणि शिकवण एकच होती. माझ्या मते भेद सत्तेचा होता. माळव्यात मिशनरी परक्या राज्यात होता आणि रुग्ण स्वेच्छेने येत होता. न येण्याचे स्वातंत्र्य त्याला होते. कॅनडाच्या प्रेअरी प्रदेशात मात्र मिशनरीच्या मागे पोलीस आणि कायदा उभा होता. ज्याच्या कल्याणासाठी आपण झटतो त्याला नकार देण्याचा अधिकार उरला नाही, की सद्हेतूसुद्धा जुलमाचे साधन होतो.

हा इतिहास बोलून दाखविण्याचे धैर्य प्रथम चर्चने दाखविले नाही. ते एका मूलनिवासी स्त्रीने दाखविले. ब्रिटिश कोलंबियातील वी वाय काई समाजाच्या ॲल्बर्टा बिली या स्वतः या चर्चच्या सदस्य होत्या. 1985 मध्ये चर्चच्या कार्यकारिणीपुढे त्यांनी स्पष्ट सांगितले की चर्चने मूलनिवासींची क्षमा मागणे बाकी आहे. पुढच्या वर्षी, ऑगस्ट 1986 मध्ये, ऑन्टॅरिओतील सडबरी येथे चर्चची सर्वोच्च सभा भरली. सभागृहात प्रतिनिधी चर्चा करीत होते आणि बाहेर, मोटारी उभ्या करण्याच्या जागेत उभारलेल्या तंबूत, मूलनिवासी वडीलधारे निर्णयाची वाट पाहत होते. ठराव झाल्यावर मॉडरेटर रॉबर्ट स्मिथ यांनी त्यांच्याकडे जाऊन क्षमा मागितली. पाश्चात्त्य संस्कृती आणि ख्रिस्ताचा संदेश यांत आपण गल्लत केली, तुम्हाला आपल्यासारखे करू पाहिले आणि त्यात आपणही दरिद्री झालो, असा त्या निवेदनाचा आशय होता.

दोन वर्षांनी, 1988 मध्ये, मूलनिवासी मंडळ्यांच्या वतीने एडिथ मेमनूक यांनी उत्तर दिले. क्षमायाचनेची त्यांनी आदरपूर्वक नोंद घेतली, परंतु ती स्वीकारली नाही. चर्च आपले शब्द प्रत्यक्षात कसे जगते हे पाहण्याची आशा त्यांनी व्यक्त केली. सडबरीला त्या घटनेच्या स्मरणार्थ दगडांचा एक ढीग रचलेला आहे आणि तो हेतुपुरस्सर अपुरा ठेवला आहे. मी तो पाहिला आहे. स्मारक म्हणून तो अगदी सामान्य दिसतो. त्यापाशी कोणी मुद्दाम थांबावे असे त्यात काही नाही.

या अस्वीकृतीला मी या सर्व इतिहासातील सर्वांत मोलाची गोष्ट मानतो. क्षमा मागणारा बहुधा आपल्या मुक्ततेसाठी उतावीळ असतो. समोरच्याने ‘झाले गेले विसरून जाऊ’ म्हणावे आणि आपला भार उतरावा, अशी त्याची मनोमन अपेक्षा असते. आणि त्या अपेक्षेमुळे पीडिताच्या वाट्याला आणखी एक काम येते, अपराध्याचे समाधान करण्याचे. मेमनूक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते काम नाकारले. एका मोठ्या, प्रतिष्ठित आणि सहृदय संस्थेला त्यांनी उत्तराविना जगावयास लावले. चर्चच्या बाजूनेही एवढे म्हटले पाहिजे की त्याने रुसून आपले शब्द मागे घेतले नाहीत.

तरीही 1986 चे निवेदन मला अपुरे वाटते, कारण त्यात निवासी शाळांचा उल्लेखही नव्हता. तो होण्यास 1998 साल उजाडावे लागले. त्या वर्षी मॉडरेटर बिल फिप्स यांनी शाळांतील माजी विद्यार्थ्यांची स्वतंत्रपणे क्षमा मागितली. मधल्या काळात न्यायालयांत दावे दाखल होऊ लागले होते. व्हँकुव्हर बेटावरील अल्बर्नी येथील शाळेत वसतिगृहाच्या एका पर्यवेक्षकाने मुलांवर लैंगिक अत्याचार केल्याचे 1995 मध्ये सिद्ध झाले होते. ती शाळा युनायटेड चर्चची. भरपाईच्या दाव्यात चर्चने आपले कायदेशीर दायित्व नाकारले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. 2005 मध्ये निर्णय लागला: भरपाईचा 75 टक्के भार शासनावर, 25 टक्के चर्चवर.

व्यासपीठावर पश्चात्ताप आणि न्यायालयात बचाव, हे दृश्य क्लेशकारक आहे. चर्चमधील अनेकांना तेव्हाही ते क्लेशकारक वाटले असणार. परंतु संस्थांचा पश्चात्ताप बहुधा येथेच अडतो. शब्दांना खर्च पडत नाही तोवर सदसद्विवेक आणि विधी-सल्लागार यांचे जमते. खर्च पडू लागला की दोघांपैकी कोणाचे ऐकायचे हे ठरवावे लागते. पुढे माजी विद्यार्थ्यांबरोबरच्या सामुदायिक तडजोडीत चर्च सहभागी झाले, त्याने दप्तरखाने खुले केले आणि निवासी शाळांविषयीच्या सत्यशोधन व समेट आयोगापुढे साक्ष दिली. त्या आयोगाने 2015 मध्ये 94 आवाहने मांडली. चर्चने 1994 पासून मूलनिवासींच्या स्वयंनिर्णित उपक्रमांसाठी निधी चालविला आहे. 1992 मध्ये तर क्री समाजाचे स्टॅन मॅकाय, जे स्वतः लहानपणी निवासी शाळेत राहिले होते, त्या चर्चचे मॉडरेटर झाले. यातील एकेक पाऊल लहान आहे. आणि प्रत्येक पाऊल कोणीतरी मागितल्यावर पडलेले आहे.

आमचे महाराष्ट्र मंडळ ज्या सभागृहात गणेशोत्सव आणि कोजागरी साजरी करते, ते याच चर्चच्या एका मंडळीचे तळघर आहे. वर उपासनेच्या आरंभी, ही भूमी कोणाची आहे याचा उच्चार होतो. मंडळाच्या एका बैठकीत कोणीतरी सुचविले की आपणही कार्यक्रमापूर्वी तसा उच्चार करावा. त्यावर एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, “आपण तर काल आलेले. आपण कोणाची जमीन घेतली?” प्रश्न प्रामाणिक होता आणि त्याला उत्तर देणे आवश्यक आहे.

आम्ही राहतो ती टोरोंटोची भूमी इंग्रजांनी मिसिसागा या मूलनिवासी लोकांकडून 1787 मध्ये ‘विकत’ घेतली, 1805 मध्ये तो व्यवहार पुन्हा कागदावर आणला, आणि त्यातील अन्यायाची भरपाई म्हणून कॅनडा शासनाने 2010 मध्ये 14 कोटी 50 लाख डॉलर दिले. आमची घरे, मुलांच्या शाळा, मंडळाचे सभागृह हे सर्व अशाच व्यवहारांच्या पायावर उभे आहे. ज्येष्ठ सभासदांचा युक्तिवाद 1986 मधील चर्चच्या सामान्य सदस्यालाही करता आला असता. त्यानेही कोणत्याही मुलाचे केस कापले नव्हते. दोष व्यक्तीसह संपतो. दायित्व मात्र मालमत्तेसह पुढे जाते, आणि वडिलांची शेती घेऊन त्यांचे कर्ज नाकारणाऱ्याला आपल्याकडेही कोणी भला म्हणत नाही. आम्ही या देशात जन्मलो नाही, पण त्याची समृद्धी आम्ही स्वखुशीने पत्करली आहे.

मी नागरिकत्वाची शपथ घेतली तेव्हा तिच्यात मूलनिवासींचा उल्लेख नव्हता. 2021 मध्ये आयोगाच्या शेवटच्या, 94 व्या आवाहनानुसार ती बदलली. अलीकडे माझ्या भाच्याने शपथ घेतली, तेव्हा फर्स्ट नेशन्स, इन्युइट आणि मेटी लोकांचे संविधानमान्य आणि करारजन्य हक्क तिच्यात स्पष्ट नमूद होते. नुसता उच्चार मला पुरेसा वाटत नाही. चर्चचा इतिहासच त्याला साक्ष आहे. म्हणून मंडळाने उत्सवाच्या वर्गणीतील निश्चित हिस्सा दरवर्षी मिसिसागा समाजाच्या स्वाधीन करावा, त्याचा विनियोग त्यांनीच ठरवावा आणि आपण हिशेब किंवा आभारपत्र मागू नये, असा प्रस्ताव मी लेखी दिला आहे. तो येत्या सर्वसाधारण सभेच्या कार्यपत्रिकेवर आहे, आणि विरोधात मत देऊ इच्छिणाऱ्या सभासदांशी मी सध्या घरोघरी जाऊन बोलत आहे.