शाईचा रंग

व्हिडिओ कॉलवर शाई पहिल्यांदा दाखवली तेव्हा आई म्हणाली, "अरे, पाल पाळलीस? इथे भिंतीवर फुकट फिरतात की!"

ही भिंतीवर चढत नाही, असं मी तिला सांगितलं. लेपर्ड गेकोच्या बोटांना चिकटपणा नसतो. हिला पापण्या आहेत, डोळेही मिचकावते. मूळ गाव अफगाणिस्तान, पाकिस्तान, वायव्य भारतातला कोरडा खडकाळ मुलूख. हिची एक चुलत बहीण आपल्या महाराष्ट्रातही सापडते. पण माझी शाई जन्मली टेक्सासमध्ये, प्लॅस्टिकच्या डब्यात. एका एक्स्पोत तिला घेतलं तेव्हा ती जेमतेम माझ्या बोटाएवढी होती. पांढऱ्या अंगावर काळेकुळीत पट्टे, म्हणून नाव शाई. या प्रकाराला मॅक स्नो म्हणतात.

वर्षभरात पांढऱ्यात पिवळट झाक शिरली, पट्टे तुटून ठिपके झाले. आधी मला वाटलं, दिवा किंवा खाणं चुकतंय. मी चक्क तापमानाचे लॉग काढून बसलो (सवय!). चुकत काहीच नव्हतं. लेपर्ड गेकोची पिल्लं पट्टेवाली असतात आणि मोठी होताना ठिपकेवाली होतात, आणि मॅक स्नोत वयाबरोबर पिवळा उतरतो. विकणारा हे बोललाही होता. मी फोटो काढत होतो.

तरी फसवल्यासारखं वाटलं, आणि मी अडकलो ते इथे. फसवलं कुणी? 'सरड्यासारखा रंग बदलतो' हे आपण शिवीसारखं वापरतो. त्यात गृहीत धरलेलं असतं की आधीचा रंग खरा आणि नंतरचा म्हणजे दगाबाजी. नीट पाळलं तर हा प्राणी पंधरा-वीस वर्षं जगतो. त्यातले सुरुवातीचे काही महिने खरे आणि बाकीचं आयुष्य बिघाड, हे कुठलं गणित? पट्ट्यांचे ठिपके होणं तिच्यात पहिल्यापासून लिहिलेलं होतं. ती कात टाकते आणि स्वतःच खाते. रंग कातेत नसतो, खालच्या पेशींत असतो, हे माहीत असूनही मला वाटायचं, ही माझी आवडती शाई गिळतेय.

एवढ्यावर हे थांबलं असतं तर माझा हिरमोड ही माझी खाजगी बाब होती. पण माझ्यासारख्या गिऱ्हाइकांच्या आवडीवरच बाजार चालतो. लेमन फ्रॉस्ट नावाचा एक रंगप्रकार काही वर्षांपूर्वी फार गाजला. झगझगीत लिंबासारखा पिवळा, त्यात पांढरं. 2021 मध्ये पीएलओएस जेनेटिक्स या नियतकालिकात त्यावर संशोधन छापून आलं. त्वचेला पांढरेपणा देणाऱ्या पेशी या गेकोंमध्ये बेसुमार वाढतात, आणि त्यांतल्या 80 टक्क्यांहून अधिक प्राण्यांना त्याच पेशींच्या गाठी होतात. ज्या रंगासाठी पैसे मोजले, तो रंग आणि तो आजार एकाच बदलातून आलेले. निवड आपली, गाठी तिच्या.

शाईला गाठी नाहीत, ठणठणीत आहे. म्हणून मी सुटलो का? गेल्या महिन्यात तिला विकायची जाहिरात लिहायला घेतली. कारण दिलं होतं, कामामुळे वेळ मिळत नाही. आणि फोटो निवडला होता तीन आठवड्यांच्या पिल्लाचा.

जाहिरात टाकली नाही. 'सध्याचा फोटो टाकला तर कोण घेईल' हा विचार त्या वेळी पहिल्यांदा आला, आणि तोही तिची कीव येऊन नाही, किंमत कमी येईल म्हणून.

काल आईने विचारलं, "ती काळी-पांढरी कुठे गेली? ही दुसरी आणलीस?"

"तीच आहे," म्हटलं.

"मग नाव बदललंस?"

"नाही."

"बरं," म्हणाली, "जेवली का ती?"

जेवली नव्हती. रातकिड्यांचा डबा घेऊन उठलो.