सेवा आणि झीज

दुर्लक्षाने वस्तूचा नाश होतो, हे आपण बाळपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु सेवेनेही वस्तू झिजते काय? आणि झिजली, तर सेवकाच्या निष्ठेने त्या दोषाचे परिमार्जन होते काय? हा प्रश्न मला ग्रंथांत भेटला नाही. तो एका रायफलीच्या नळीत भेटला.

महाविद्यालयात असताना छात्रसेनेच्या शिबिरात आमच्या हाती .३०३ च्या जुन्या ली-एनफील्ड रायफली येत. गोळीबारानंतर नळी साफ करावयाची असे. फुलथ्रू म्हणजे एका टोकाला पितळी वजन असलेली दोरी. तिला फ्लॅनेलची चिंदी अडकवून मी ती मोठ्या उत्साहाने पुन्हा पुन्हा ओढीत होतो. चिंदी पांढरीशुभ्र निघेपर्यंत थांबावयाचे नाही, असा माझा निश्चय होता. आमच्या उस्तादांनी दोरी हातातून काढून घेतली व ते म्हणाले, "पोरा, नळी घासायची नसते, पुसायची असते. गोळीने झिजणार नाही एवढी ही तुझ्या दोरीने झिजेल."

त्या बोलण्यातील शास्त्र मला पुढे कळले. या रायफलीच्या नळीत सामान्यतः पाच पिळदार खाचा असतात. दहा इंचांत त्यांचा एक वेढा पूर्ण होतो. त्यांची खोली इंचाच्या सहस्रांशांत मोजावी लागते. गोळीला फिरकी मिळते ती या खाचांमुळे, आणि तिला नळीचा अखेरचा स्पर्श होतो तो तोंडाशी. दोरी तिरपी ओढली की ती नेमकी तेथेच घासते. दोरी मऊ खरी, पण तिच्यात धुळीचे कण रुतलेले असतात. विहिरीच्या काठच्या दगडाला पोहऱ्याच्या दोराने पडलेल्या खाचा ज्याने पाहिल्या आहेत, त्याला अधिक सांगणे नको. नळीचे तोंड एका बाजूस झिजले की नेम धरणारा कितीही कुशल असो, गोळी भरकटते.

मग हात आखडावा काय? तेही नाही. जुन्या काडतुसांच्या टोपीतील मसाल्यातून नळीत क्षार उरतो. तो आपल्या मिठाचाच भाऊबंद. हवेतील ओल ओढून घेतो. पावसाळी कोकणात अशी नळी एक रात्र तशीच राहिली, तर सकाळी तांबेरा दिसू लागतो. हा क्षार तेलात विरघळत नाही आणि घासण्याचीही त्याला गरज नसते. उकळते पाणी नळीतून ओतावे, नळी कोरडी करावी, तेलाचा पातळ हात द्यावा, एवढ्याने काम होते. गज वापरावयाचा तर तो अखंड असावा, दर खेपेस पुसावा, आणि शक्य तेथे काडतूस भरतात त्या बाजूने सरळ घालावा. कुंचला पोलादाहून मऊ धातूचा असावा व नळीतून पूर्ण बाहेर पडल्यावाचून मागे फिरवू नये. सारांश, मळ कोणता हे ज्याने ओळखले, त्याला फार श्रम पडत नाहीत.

माझी चूक आळसाची नव्हती, हेच मला अधिक बोचते. चिंदी पांढरी निघावी ही इच्छा नळीची नव्हती, माझी होती. तिला काय हवे, हे न पाहता मी माझ्या समाधानाची पूजा करीत होतो.

खंडेनवमीला शस्त्रावर फूल वाहणाऱ्या आपल्या समाजाने हा विचार देवघरापर्यंत नेला पाहिजे. उज्जैनच्या महाकालेश्वराच्या लिंगाच्या झिजेचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि भक्तांनी लिंगाला मर्दन करू नये असा निर्देश न्यायालयाला २०२० साली द्यावा लागला. ते सहस्रावधी हात द्वेषाने उठलेले नव्हते. प्रत्येकाला आपला एक स्पर्श निरुपद्रवी वाटत होता, जशी मला माझी दोरी वाटत होती.

म्हणून माझे उत्तर असे की, निष्ठा सेवकाला क्षमा मिळवून देईल, पण झिजलेला दगड वा पोलाद भरून देणार नाही. निष्ठेला ज्ञानाची जोड हवी, आणि हात कोठे थांबवावा हे कळणे हा त्या ज्ञानाचा मोठा भाग आहे. नमस्कार दुरूनही पोहोचतो.